दुसरी किल्ली

चाळीसगाव सोडून कन्नडच्या दिशेने निघाले की औट्रम घाट लागतो. नकाशात नाव औट्रम असले तरी आमच्याकडे त्याला कन्नड घाटच म्हणतात. नोकरीच्या काळात एस. टी. च्या खिडकीशी बसून हा घाट मी किती वेळा चढलो-उतरलो त्याची गणती नाही. धुळे आणि सोलापूर यांना जोडणारा हा रस्ता म्हणजे खानदेशातून मराठवाड्यात जाण्याचा दरवाजाच.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टी झाली. चाळीसगावात पुराचे पाणी शिरले आणि त्याच रात्री घाटात दरडी कोसळल्या. रस्ता खचला. दुरुस्ती होईपर्यंत जड वाहनांना बंदी आली. बंदी योग्यच होती. पण थोड्याच दिवसांत कुजबूज सुरू झाली, की बंदी दिवसाची आहे. रात्री ट्रक जातात, फक्त ‘दर’ द्यावा लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये चाळीसगावचे आमदार मंगेश चव्हाण यांनी ट्रकड्रायव्हरचा वेष केला, रात्री स्वतः ट्रक चालवत ते घाटाच्या तोंडाशी गेले आणि सोबत कॅमेरा ठेवला. गाडी सोडण्यासाठी पैसे मागितले जात असल्याची ती चित्रफीत दुसऱ्या दिवशी घरोघरी पोहोचली.

राजकारण घटकाभर बाजूला ठेवू या. आमदार कोणत्या पक्षाचे, त्यांनी हे प्रसिद्धीसाठी केले की जनतेसाठी, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. माझ्या मनात रुतून बसले ते वेगळेच. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना ट्रकड्रायव्हर राहतो. रावेर-सावद्याची केळी भरून त्याने अर्धा हिंदुस्थान पालथा घातला आहे. पेपरातली बातमी मी त्याला वाचून दाखवली, तर तो शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, “आप्पा, हाई काय नवं शे का? ह्या टाइमले डायवर आमदार व्हता, इतलंच.”

वाचकहो, या एका वाक्यात सगळा विषय आला. जी गोष्ट हजारो ड्रायव्हरांना वर्षानुवर्षे ठाऊक होती, ती खरी ठरायला एका लोकप्रतिनिधीला वेष बदलावा लागला. ड्रायव्हरच्या तोंडी शब्दाला किंमत नव्हती. किंमत आली ती कॅमेऱ्याला, आणि त्याहून अधिक कॅमेऱ्यामागच्या माणसाला.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, हे बाहेरच्या माणसाला फारसे ठाऊक नसते. एक शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघे आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. नोकरीला लागलो तेव्हा मला हा अविश्वास वाटला आणि थोडा रागही आला. माझ्या पहिल्या साहेबांनी मला समजावले, “अरे, ही व्यवस्था चोरासाठी नाही. चोर काय, भिंत फोडूनही येईल. ही तुझ्या-माझ्यासारख्या सरळ माणसाचा पाय घसरू नये म्हणून आहे.” आणखी एक रीत होती. इन्स्पेक्शनला आलेला अधिकारी सर्वांत आधी स्टाफची खाती मागायचा. ग्राहकाचा हप्ता थकला तर नोटीस जाई. कर्मचाऱ्याने नियम मोडला तर मात्र खैर नसे. ज्याच्या हाती नियमाचे पुस्तक, त्याचे खाते आधी स्वच्छ हवे, हा त्यामागचा साधा विचार.

रस्त्यावरची तिजोरी मात्र आपण फार काळ एकाच किल्लीवर चालवली. चौकात उभा असलेला शिपाई पाहणार तोच, गुन्हा ठरवणार तोच, दंड सांगणार तोच आणि दंड की ‘समजून घेणे’ हेही ठरवणार तोच. समोरचा माणूस घाईत. केळीच्या ट्रकचा चौकात गेलेला प्रत्येक तास मालाच्या भावातून वजा होतो. परीक्षेला निघालेल्या पोराचे पेपराचे घंटे वाजत असतात. अशा वेळी पावतीचा आग्रह कोण धरणार? मीही धरलेला नाही. नव्वदच्या दशकात खानदेशातल्याच एका गावी, लायसन घरी विसरल्याबद्दल, मी मुकाट्याने पन्नासाची नोट काढून दिली होती. ज्याने मला थांबवले त्याच्या स्वतःच्या मोटरसायकलला पुढची नंबरप्लेट नव्हती, हे मला दिसत होते. मी काही बोललो नाही. व्हाउचरशिवाय बँकेचा रुपया न हलवणारा मी, स्वतःचे पन्नास विनाव्हाउचर देऊन मोकळा झालो! घेणाऱ्याला नावे ठेवताना देणाऱ्याचे नाव त्याच पानावर लिहावे लागते, ते असे.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ही दुसरी किल्ली आहे. फार पूर्वी नव्हे, २०१० साली दिल्लीच्या वाहतूक पोलिसांनी फेसबुकवर एक पान उघडले आणि नियम मोडणाऱ्यांची छायाचित्रे पाठवा म्हणून लोकांना सांगितले. छायाचित्रांचा पाऊस पडला, आणि त्यात हेल्मेट नसलेले पोलीसही निघाले! पुढे अशा सोयी इतरत्र झाल्या. आपल्या राज्यानेही नागरिकांना मोबाइलवरून तक्रार धाडण्याची वाट करून दिली.

कायदाही मागे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा दंडाचे मोठे आकडे सर्वांच्या लक्षात राहिले. कलम २१०-ब मात्र फारसे कुणी वाचले नाही. कायदा राबवण्याचे अधिकार ज्याला आहेत, त्यानेच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड, असे हे कलम सांगते. आमच्या इन्स्पेक्टरची रीत अखेर संसदेने मान्य केली म्हणायची! ऑगस्ट २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पोलिसांच्या अंगावरचे आणि गाडीतले कॅमेरे हेही पुराव्याचे साधन मानले. असे कॅमेरे प्राधान्याने जिथे लावायचे, त्या शहरांच्या यादीत महाराष्ट्राची १९ नावे आहेत. त्यांत जळगाव आहे, धुळे नाही. तीन राष्ट्रीय महामार्गांच्या तिठ्यावर बसलेल्या धुळ्याचे नाव नसावे, याचे नवल वाटते. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले, की पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्याखालचे ‘निषिद्ध ठिकाण’ नाही; तिथले बोलणे ध्वनिमुद्रित केले म्हणून त्या कायद्याचा गुन्हा होत नाही. ठाण्याच्या आतली ही कथा, तर भर चौकात मोबाइल वर केल्याबद्दल कुणी डोळे वटारले तर त्याला काय म्हणावे? अर्थात चित्रीकरण वेगळे आणि पोलिसाच्या अंगावर जाणे, त्याच्या कामात आडवे येणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला गुन्ह्याचे कलम आहे आणि ते असलेच पाहिजे.

याची दुसरी बाजूही आहे. मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा आकाशवाणी चौकात डांबरावर उभे राहून पाहावे. सण असो, सभा असो, बंदोबस्त ठरलेला. शिवाय ‘मी कोण आहे माहीत आहे का?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकायचा. मुंबईत ऑगस्ट २०१६ मध्ये हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाला थांबवले म्हणून वाहतूक पोलीस विलास शिंदे यांच्यावर हल्ला झाला आणि त्यात त्यांचा जीव गेला. सरळ पोलिसालाही साक्षीदार हवाच असतो. कॅमेरा त्याचाही सोबती आहे. तेव्हा जुलै २०२५ मध्ये वाहतूक विभागाच्या वरिष्ठांनी पोलिसांना बजावले, की दंडासाठी स्वतःच्या खाजगी मोबाइलवर छायाचित्रे काढू नका, ते मला पटले. खाजगी फोनमधले चित्र ठेवायचे की पुसायचे, हे पुन्हा एकट्या माणसाच्या मर्जीवर जाते. म्हणजे पुन्हा एकच किल्ली!

पण ही किल्ली आपल्या हाती आली म्हणून आपण शहाणे झालो काय? धुळे जिल्ह्याने तरी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. भिक्षेकरी, भटक्या समाजाची माणसे होती ती. अफवा मोबाइलवरून फिरली होती आणि मारहाणही मोबाइलवर टिपली गेली. त्या गर्दीत कॅमेऱ्यांची वाण नव्हती. वाण होती ती मध्ये पडणाऱ्या हातांची.

महामार्गावर अपघात झाला की आज काय दिसते? गोलाकार उभी माणसे आणि त्यांचे वर गेलेले हात. जखमीला पाणी देणारा त्यात एखादाच. मदत करणाऱ्याला पोलिसांचा आणि कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून कायद्यात आता संरक्षण आहे. २०१९ च्या त्याच दुरुस्तीने ते दिले. म्हणून जुनी सबब चालणार नाही. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १५,२२४ माणसे मेली. एखादे मोठे गाव उठून जावे इतकी. ७ मे २०२४ रोजी जळगाव-पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ मोटारीच्या धडकेने एक आई आणि तीन मुले गेली. संशयितांना अटक व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला, आणि दरम्यान पुण्याच्या कल्याणीनगरात तशीच घटना घडून देशभर ओरड झाली होती. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण साऱ्या देशाची नजर वळेपर्यंत आपल्या रामदेववाडीने वाट पाहिली, अशी जी भावना लोकांत राहिली, ती कोणत्या पंचनाम्याने पुसायची?

शेवटी एक कबुली. दोनेक वर्षांपूर्वी जळगावात औषधे घेऊन निघालो होतो. वळणाची जागा अर्धा किलोमीटर पुढे होती. गुडघा दुखत होता. म्हणून स्कूटर उलट दिशेने घातली. शंभर पावलांचा तर प्रश्न! समोरून एक कॉलेजची मुलगी आली, तिने गाडी कडेला लावली, स्टँडवर घेतली आणि मग मोबाइल वर धरला. “आजोबा, राँग साइडने चाललात.” मी भडकलो. तुझ्या घरी वडीलधारी नाहीत का, वगैरे बरेच बोललो. ती काहीच बोलली नाही. चित्र काढले आणि गेली. पुढे पंधरा दिवस फोनची घंटी वाजली की दंडाचा निरोप आला असे वाटे. आला नाही. मला आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाची लाज वाटली. त्या मुलीने तक्रार पाठवली असेल, तर तिला काय उत्तर मिळाले असेल? बहुधा काहीच नाही. पुढच्या वेळी ती गाडी कडेला लावील का?

माझे मागणे फार मोठे नाही. बँकेत चेक टाकला की काउंटरफॉइलवर शिक्का मिळतो. तशी नागरिकाच्या प्रत्येक तक्रारीला नंबर असलेली पावती मिळावी आणि ठरल्या मुदतीत उत्तर जावे: दंड केला, किंवा केला नाही आणि का नाही. महिन्याकाठी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी दोन आकडे जाहीर करावेत. एक, किती नागरिकांना दंड झाला. दोन, किती पोलीस वाहनांना आणि पोलिसांना दुप्पट दंड झाला. दुसरा आकडा शून्य असला तरी छापावा. लोक काय ते समजतील.

आणि आपण? गाडी चालवताना चित्रीकरण करू नये, तोही गुन्हाच आहे. चित्र गल्लीच्या ग्रुपवर नव्हे, योग्य कार्यालयाकडे पाठवावे. आपल्याकडे गाडीच्या रंगावरून मालकाचे घर ओळखतात आणि निवाडा चहाच्या टपरीवर होतो. कुणी जखमी पडला असेल, तर फोनचा पहिला उपयोग ॲम्ब्युलन्सला. सोळा वर्षांच्या नातवाला स्कूटरची चावी देणारे आजोबा पोलिसांच्या नावाने बोटे मोडतात, तेव्हा त्यांनी घरातल्या त्या चावीकडेही एकदा पाहावे.

गल्लीच्या टोकाच्या त्या ड्रायव्हरला मी हे सारे वाचून दाखवले. पावतीची कल्पना त्याला आवडली. मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, “पण आप्पा, मी फोटो धाडा तं मनी गाडीना नंबर त्यासले कळी ना?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. ते ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी द्यावे. तोवर दुसरी किल्ली आमदारांच्याच खिशात राहणार.