बोलक्या यंत्राची परिभाषा

संगणकाचे नाव काढताच हिशेब, पत्रव्यवहार आणि परीक्षांचे निकाल हीच कामे आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता अथवा अन्य कारणांमुळे ज्यांस मुखाने स्पष्ट बोलता येत नाही, अशा कित्येकांचा संगणक हा कंठच झाला आहे. पडद्यावरील चित्रावर बोट ठेवावे किंवा अक्षरे जुळवून वाक्य लिहावे, आणि यंत्राने ते मोठ्याने उच्चारावे, अशी ही सोय आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील आय. डी. सी. या डिझाइन विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे असेच चित्रमय अ‍ॅप मराठीतही बोलते. या सोयीचे कौतुक होते ते योग्यच आहे. आमचे म्हणणे त्यापुढील एका गोष्टीविषयी आहे. जो यंत्राने बोलतो त्यास त्या यंत्राच्या अंगोपांगांची नावे शिकविली पाहिजेत, आणि ती नावे त्याच्या बोलण्याच्या पडद्यावरही असली पाहिजेत.

‘आई’, ‘पाणी’, ‘भूक’ हे शब्द सोडून ‘बॅटरी’ आणि ‘बॅकअप’ यांची घाई कशाला, असे कोणीही विचारील. आपला घसा बसला तर आपण घशाकडे बोट दाखवितो. यंत्राने बोलणाऱ्या मुलाचा आवाज बारीक झाला अथवा पडदा अडकू लागला, तर त्याने ते कोणत्या शब्दांत सांगावे? ‘आवाज वाढवा’, ‘चार्जिंग संपत आले’, ‘पडदा बिघडला’ ही वाक्ये त्याच्यापाशी नसतील तर तो रडेल किंवा यंत्र दूर लोटून देईल. आणि आपण वडीलधारी मंडळी म्हणू की, आज पोर हट्टाला पेटले आहे! यंत्र पुरतेच बंद पडले तर हीच वाक्ये लिहिलेला कागदी तक्ता दप्तरात असावा, म्हणजे मुलाला निदान बोट दाखविता येईल.

आता काही मुख्य शब्द पाहू. यंत्राचा जो भाग हाताला लागतो, म्हणजे पडदा, बॅटरी, कर्णा, तो हार्डवेअर. आणि त्या भागांनी काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांचा संच तो सॉफ्टवेअर. हा भेद किती मोलाचा आहे, याचे उदाहरण विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या चरित्रात सापडते. १९८५ साली श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यांची वाचा गेली. पुढे ते संगणकाच्या साहाय्याने बोलू लागले. जगाच्या परिचयाचा झालेला त्यांचा तो आवाज एका विशिष्ट इलेक्ट्रॉनिक बोर्डातून निघत असे. कालांतराने तसे बोर्ड दुर्मिळ झाले. अधिक सुरेल आवाज उपलब्ध असूनही हॉकिंग यांनी आपला आवाज सोडला नाही. अखेर अभियंत्यांनी तोच आवाज सॉफ्टवेअरच्या रूपात उतरविला आणि २०१८ च्या जानेवारीत तो त्यांच्या स्वाधीन केला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. परंतु जुन्या बोर्डाबरोबर त्यांचा आवाज मुका झाला नाही.

दुसरा शब्द ‘बॅकअप’. मुलाने व त्याच्या घरच्यांनी वर्षानुवर्षे भरलेले शब्द, नातलगांची छायाचित्रे आणि नेहमीची वाक्ये यंत्राच्या साठ्यात असतात. त्या सर्वांची दुसरीकडे जपून ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप. यंत्र हरवले तर नवे विकत घेता येईल. प्रत नसेल तर त्या मुलाची भाषाच पुन्हा पहिल्या शब्दापासून जुळवावी लागेल.

तिसरी जोडी ‘स्विच’ आणि ‘स्कॅनिंग’. ज्याचे बोट नेमके चित्रावर पडत नाही, त्याच्यासाठी पडद्यावरील चौकटी एकामागून एक उजळत जातात. हवी ती चौकट उजळली की त्याने एक मोठे बटण दाबावे. चौकटी उजळण्याची ही पद्धत म्हणजे स्कॅनिंग आणि ते बटण म्हणजे स्विच. चौकटी फार वेगाने सरकत असतील तर ‘हळू करा’ असे सांगण्याची सोय त्या मुलाच्या हाती असावयास नको काय?

लिहिलेला मजकूर उच्चारणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘टेक्स्ट टू स्पीच’ म्हणतात. आम्हां इंदूरकरांस याचे महत्त्व विशेष. आमची मातृभाषा कोकणी, अध्यापन मराठीत आणि बाजारातील व्यवहार हिंदीत. त्यामुळे एका नागरी लिपीत किती उच्चार वसतात हे आम्हांस रोज ऐकू येते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ लिहिण्यात एकच, उच्चारात मात्र निराळा. हिंदीसाठी घडविलेला आवाज हे दोन्ही ‘च’ सारखेच उच्चारतो. येथील एखाद्या मराठी घरातील मुलाच्या यंत्रात असा आवाज बसविला, तर आजीला आपला नातू परक्यासारखा बोलतो असे वाटेल. शाळेबाहेर हिंदी व घरी मराठी आवाज निवडणे ‘सेटिंग्ज’मध्ये शक्य असते, पण ‘सेटिंग्ज’ हा शब्दच ज्याला दिलेला नाही, तो ही निवड मागणार कशी?

येथे भाषाप्रेमी विचारतील की हे सारे परके शब्द कशासाठी. ‘संगणक’ हा शब्द मराठीत रुजला याचा आम्हांस आनंदच आहे. तथापि यंत्राने बोलणाऱ्याला प्रत्येक शब्दासाठी आपल्यापेक्षा अधिक कष्ट पडतात. ते कष्ट घेऊन उच्चारलेला शब्द शेजारच्या काकूंना आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला एकदम समजला पाहिजे. ‘चार्जर’ समजत असेल तर ‘चार्जर’च द्यावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने संवादाच्या व्याख्येत अशा पर्यायी साधनांचाही समावेश केला आहे. कायद्याने दार उघडले. त्यातून आत नेण्याचे काम घराने आणि शाळेने करावयाचे आहे. पालकांनी यंत्रातील पहिल्या शंभर शब्दांत या शब्दांपैकी निदान दहांना जागा द्यावी. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गात असा सोबती आला तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबा, आणि त्याच्या यंत्रास त्याला विचारल्यावाचून हात लावू नका. बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणे आपण असभ्य मानतो. हेही तसेच आहे.