पाटीवरचा आकडा आणि गाडीतली वीज

वाट पाहणे आपल्याला नवीन नाही. रेशनच्या दुकानापुढे, टेलिफोनसाठी, स्कूटरसाठी, गॅसच्या सिलिंडरसाठी आपण वर्षानुवर्षे वाट पाहिली. त्रास वाट पाहण्याचा नसतो. ती किती पाहायची हे कोणी सांगत नाही, याचा असतो. विजेवरची मोटार घेतलेल्या कुटुंबांच्या वाट्याला आज नेमका हाच त्रास आला आहे.

रात्रभर घरी गाडी चार्जिंगला लावणाऱ्याचे अडत नाही. परीक्षा होते ती सुटीत, आजी-आजोबांना आणि मुलांना घेऊन गावी निघाल्यावर. फोनवरच्या नकाशात चार्जिंगची ठिकाणे पुष्कळ दिसतात. पण साधा हिशेब मांडून पाहा. बॅटरी ४० युनिटची आहे आणि ती १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची आहे, म्हणजे २८ युनिट भरायचे. ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर त्याला साडेआठ तास लागतील, ७ किलोवॅटच्या चार्जरवर चार तास, आणि ३० किलोवॅटच्या जलद चार्जरवर सुमारे एक तास. वरवर पाहणाऱ्याला मात्र तिन्ही ठिकाणे सारखीच!

म्हणून आधी किलोवॅट पाहावेत, मग अंतर. पाटीवर ६० किलोवॅट असले, तरी पुष्कळदा एकाच यंत्राला दोन गन असतात आणि शेजारी दुसरी गाडी लागली की वीज वाटली जाते. आपली गाडीच ५० किलोवॅटहून अधिक घेत नसेल, तर १२० किलोवॅटच्या यंत्रापुढे रांग लावून काही साधत नाही. शिवाय ८० टक्क्यांनंतर बॅटरी वीज सावकाश घेते. तिथे अडून बसण्यापेक्षा निघावे आणि पुढे पुन्हा थांबावे; मागे ताटकळणाराही दुवा देतो.

पण एवढे शास्त्र संसारी माणसाने का शिकावे? चार्जिंग केंद्राला परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केले. २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत अशा केंद्रांसाठी २,००० कोटी रुपये ठेवले. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला केंद्र उभारायचे ठरले. हे सारे स्वागतार्हच आहे. प्रश्न एवढाच की, मोजदाद उद्घाटनांची करायची की यंत्र चालू असल्याच्या तासांची?

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला इथे एटीएम आठवल्यावाचून राहत नाही. गावोगावी यंत्रे बसली, पण ऐन सणासुदीला त्यांत रोकड नसे. अखेर रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लागू केला: महिन्यात १० तासांहून अधिक काळ यंत्र रोकडीविना राहिले, तर त्या यंत्रामागे १०,००० रुपये दंड. यंत्र बसवणे म्हणजे सेवा देणे नव्हे, हे त्या नियमाने मान्य केले.

चार्जिंग केंद्रांना हाच न्याय लावावा. प्रत्यक्ष मिळणारे किलोवॅट, युनिटचा दर आणि कोणती गन बंद आहे, हे दारातच आणि फोनवरही खरेखरे कळले पाहिजे. सरकारी पैसा घेणाऱ्याने महिन्यात यंत्र किती तास चालले, तेही जाहीर करावे. अनुदानाचा मोठा हप्ता यंत्र बसवल्याबद्दल नको, ते चालू ठेवल्याबद्दल द्यावा. तरच लेकराबाळांना घेऊन निघालेला माणूस या गाड्यांवर भरवसा ठेवील.