‘प्रोमिथियस’ आणि उत्तरांचा हव्यास

‘प्रोमिथियस’ (2012) ही रिडली स्कॉट यांनी स्वतःच्याच ‘एलियन’ (1979) या चित्रपटाला जोडलेली पूर्वकथा. तिच्या बचावासाठी एक युक्तिवाद हटकून पुढे येतो: पूर्वकथेचा शेवट आधीच ठाऊक असतो, त्यामुळे तिच्याकडून अनपेक्षिताची मागणी करणेच चूक, दृश्ये भव्य असली की काम झाले.

दृश्ये भव्य आहेतच. आइसलँडमधल्या देट्टिफॉस धबधब्यावरचा प्रारंभ आणि डारिउश वोल्स्की यांचे त्रिमितीय छायाचित्रण यांना तोड नाही. पण शेवट ठाऊक असणे वेगळे आणि पुढचे प्रत्येक पाऊल आधी कळणे वेगळे. ‘एलियन’ पुन्हा पाहणाऱ्यालाही जेवणाच्या टेबलावर माणसाची छाती फोडून प्राणी बाहेर येण्याचा प्रसंग हादरवतो. ‘प्रोमिथियस’मध्ये मात्र नकाशे काढणारी यंत्रे सोडणारा भूशास्त्रज्ञच वाट चुकतो आणि जीवशास्त्रज्ञ अनोळखी प्राण्याला गोंजारायला जातो. कोण मरणार हे तिथेच कळते.

खरा अपराध याहून मोठा आहे. ‘एलियन’मध्ये तिघे जण एका परक्या यानात शिरतात. तिथे आसनाशी एकजीव झालेला, अश्मीभूत झालेला महाकाय देह आहे. त्याच्या छातीची हाडे आतून बाहेर वाकलेली आहेत. एच. आर. गीगर यांनी घडवलेला हा देह आणखी प्रचंड दिसावा म्हणून दूरच्या दृश्यात लहान मुलांना अंतराळवेश घालून उभे केले होते. तो कोण, कुठून आला, कुठे निघाला होता, याबद्दल चित्रपट चकार शब्द काढत नाही. माणसाच्या आधी, माणसाशी काडीचाही संबंध नसलेले काही घडून गेले आहे, ही जाणीवच तिथली भीती. ‘प्रोमिथियस’ सांगतो की तो देह म्हणजे नुसता पोशाख होता. आत गोरा, धिप्पाड, माणसासारखाच जीव, माणसाला घडवणाऱ्यांपैकी एक, ज्याचा डीएनएही आपल्याशी जुळतो. अथांग अनोळखीपणाच्या जागी नातेवाईक येऊन बसला. बरे, ‘प्रोमिथियस’मधल्या घटना दुसऱ्याच उपग्रहावर घडत असल्याने ते जुने यान ‘एलियन’मधल्या जागी कसे पोहोचले, हे कोडे सुटत नाही ते नाहीच.

विज्ञानकथेने स्पष्टीकरण द्यायलाच हवे, हा आग्रह जुना आहे. यंत्र कसे चालते हे सांगणे हे कथेचे काम असू शकते. विश्व माणसासाठीच रचले गेले अशी ग्वाही देणे हे विज्ञानकथेचे काम नव्हे. विज्ञानाने तर ती समजूत मोडण्यात शतके घालवली.

पूर्वकथा कशी असावी याचा नमुना याच चित्रपटात आहे. मायकेल फासबेंडर यांनी साकारलेला यंत्रमानव डेव्हिड, सारे निद्रिस्त असताना यानात एकटाच वावरतो, प्राचीन भाषा शिकतो, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ पाहून केस तसे करतो. आम्हाला का घडवले, हे माणसे आपल्या निर्मात्यांना विचारायला निघाली आहेत. त्याला का घडवले, असे डेव्हिड विचारतो तेव्हा उत्तर मिळते, जमले म्हणून. तुमच्या निर्मात्याने तुम्हाला हेच सांगितले तर किती निराशा होईल, हा त्याचा प्रतिप्रश्न. जुन्या चित्रपटाचे एकही रहस्य न फोडता हा प्रसंग त्याच्या शेजारी नवा प्रश्न ठेवतो. 2017च्या ‘एलियन: कव्हनंट’ने पुढे याच डेव्हिडच्या हातून ‘एलियन’मधल्या प्राण्याची घडण दाखवली आणि उरलेली मोकळी जागाही बुजवली.