पोखऱ्यात एक दिवस रिकामा ठेवा

नेपाळमधल्या मुक्तिनाथच्या यात्रेला निघालेल्या, विशेषतः पन्नाशी-साठी ओलांडलेल्या जोडप्यांना एक विनंती आहे. सहलीचं कार्यक्रमपत्रक हातात पडलं की पोखऱ्यात किती रात्री दिल्यात ते आधी बघा. मुक्तिनाथहून उतरल्यावर एकच रात्र असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठमांडूची बस असेल, तर एकाच्या दोन रात्री करून घ्या. आणि त्या वाढीव दिवसात काहीही बघायचं ठरवू नका.

‘एवढं लांब जायचं ते हॉटेलात बसायला?’ हा प्रश्न घरातूनच येईल. पण या यात्रेची दगदग जरा डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडची बरीच मंडळी रेल्वेने गोरखपूर गाठतात, सोनौलीला सीमा ओलांडतात, लुंबिनी करतात आणि घाटातल्या वळणांनी पोखऱ्याला येतात. तिथून मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोमला विमान नाहीतर जीप. विमानाला वीसेक मिनिटं पुरतात, पण विमानं सकाळीच उडतात, कारण दिवस चढला की काली गंडकीच्या खोऱ्यात जोराचा वारा सुटतो. हवा बिघडली की उड्डाण रद्द. जीपने जायचं तर जवळजवळ अख्खा दिवस हाडं खिळखिळी होतात. पोखरा समुद्रसपाटीपासून 800 मीटरच्या आसपास, तर मुक्तिनाथ 3700 मीटरच्याही वर. तिथे विरळ हवेत धाप लागते, आणि तरीही देवळातल्या पाण्याच्या 108 धारांखालून जाण्याची हौस कुणी सोडत नाही. देवघरातला शाळिग्राम ज्या नदीतून येतो ती गंडकी पाहिली, दर्शन झालं, मन भरलं. अंग मात्र बोलायला लागलेलं असतं. त्याला एक दिवस द्यायला नको?

हा दिवस जाताना न ठेवता परतताना ठेवावा, यालाही कारण आहे. हवेमुळे वर एखादा दिवस अडकलात तर दोनपैकी एक रात्र त्यात जाते, पण पुढचं काठमांडू आणि परतीचं तिकीट वाचतं. अडकला नाहीत तर दिवस तुमचाच. शिवाय दर्शन झालेलं असल्यामुळे ‘उद्या हवा कशी असेल’ ही धाकधूकही उरत नाही.

आता त्या दिवशी करायचं काय? सकाळी लवकर जाग आली तर फेवाताल या तळ्याच्या काठाने चालत निघा. हॉटेलं बहुधा तळ्याजवळच्या लेकसाइड भागातच असतात. पार्दीच्या बंधाऱ्याच्या बाजूला पोचलात की उत्तरेकडे वळून बघा. तळं अजून हललेलं नसतं. माछापुच्छ्रेच्या टोकाला आधी बारीक नारिंगी कड येते, मग ऊन हळूहळू खांद्यावर उतरतं आणि पाण्यातही तेच उलटं घडताना दिसतं. हे शिखर 6993 मीटरचं. पोखऱ्याहून ते एकाच सुळक्यासारखं दिसतं. माशाच्या शेपटीसारखी दोन टोकं बघायला पार बाजूला जावं लागतं. नेपाळी लोक ते पवित्र मानतात. 1957 साली आलेली ब्रिटिश गिर्यारोहकांची तुकडी माथा अगदी जवळ आला असताना तिथूनच परत फिरली, आणि त्यानंतर सरकारने या शिखरावर चढाईला परवानगी दिलेली नाही. नऊ-दहानंतर बऱ्याचदा ढग येतात आणि डोंगर दिसेनासे होतात. म्हणून हे सकाळचं काम. पहाटे चारला उठून सूर्योदयासाठी सारंगकोटच्या डोंगरावर धावलंच पाहिजे असं नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी खुशाल जावं, बाकीच्यांना तळ्याकाठीही पुष्कळ मिळतं.

तळ्यात फिरायला नावही सकाळीच घ्या. चैत्र-वैशाखात दुपारनंतर इथे वादळी पाऊस आणि गारा येतात. वल्हवणारा माणूस सोबत घ्या आणि लाइफ जॅकेट अंगात घालून नीट बांधा, नुसतं मांडीवर ठेवू नका. तळ्यातल्या बेटावर तालबाराहीचं देऊळ आहे, तिथे उतरून दर्शन घ्या. फुलं, अगरबत्तीची पाकिटं, प्लास्टिक यांतलं काहीही पाण्यात सोडू नका. डोंगरातून येणाऱ्या गाळाने हे तळं आधीच आक्रसत चाललं आहे. पलीकडच्या डोंगरावर पांढरा विश्वशांती स्तूप आहे. नावेने उतरून झाडीतून चढत गेलं तर तासभर लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर टॅक्सीने जा. नाहीतर जाऊच नका, काही बिघडत नाही.

दुपारी थकाली खाणं मागवा. थाळीत मधोमध भात, कडेने डाळ, रायोची भाजी, आंबवून वाळवलेल्या पाल्याचा गुंद्रुक, मुळ्याचं लोणचं. शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते, मागवतानाच स्पष्ट सांगा. भात संपत आला की वाढणारा आपल्या पंगतीतल्यासारखा आग्रहाने पुन्हा वाढायला येतो. सहलीच्या स्वयंपाक्याचं वरण-भात-पोळी रोज असतंच. एक दिवस इथल्या घासाला द्या.

याहून महत्त्वाचं सांगणं तुम्हा दोघांसाठी आहे. सहलीत नवरा-बायको एकत्र असतात म्हणायचं, पण असतात कामाला. तो पासपोर्ट, पैसे आणि बॅगा मोजतो. ती गोळ्यांचा डबा, चिवडा आणि वाळत घातलेले कपडे सांभाळते. दोघांचं बोलणंही तेवढ्यापुरतंच: ‘चावी घेतलीस का?’, ‘बस आली का?’ घरी जे चालतं तेच परगावी, वर धावपळ. रिकाम्या दिवशी ही खाती बंद ठेवा. सकाळचा चहा झाल्यावर दोघांनी आपापली एकेक इच्छा सांगायची, बस्स. तिला नुसतं काठावर बसून पाण्याकडे बघायचं असेल आणि त्याला बाजारातून फिरून यायचं असेल, तर दोन तास वेगळे घालवायलाही हरकत नाही. दुपारच्या जेवणाला भेटा. मग एकमेकांना सांगायला काहीतरी असेल. मुलांना फोटो संध्याकाळी पाठवा, दिवसभर फोनवर त्यांचा संसार चालवू नका.

‘ग्रुपबरोबर आलोय, वेगळं कसं राहणार?’ असं वाटत असेल तर त्यालाही वाट आहे. बहुतेक सहलींत पोखऱ्याला अर्ध्या दिवसाचं स्थळदर्शन असतं: विंध्यवासिनी, गुप्तेश्वर गुफा, डेव्हिस फॉल, सेती नदीची घळ. बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा चढायचं. त्यातली दोन गाळा आणि ‘आम्ही हॉटेलवर थांबतो’ असं सहल-व्यवस्थापकाला आदल्या रात्रीच सांगा. हॉटेलचं कार्ड आणि व्यवस्थापकाचा नंबर दोघांच्याही खिशात असू द्या. शंभराच्या भारतीय नोटा जवळ ठेवा, त्या तिथे सर्रास चालतात. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये होतात, हा हिशेब लक्षात ठेवा.

डोंगर दिसायची खात्री हवी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. आपल्या दिवाळीच्या सुट्ट्या त्याच सुमाराला पडतात. मात्र त्याच दिवसांत तिथे दसैं आणि तिहार हे दसरा-दिवाळीसारखे सण असतात, बसगाड्या गच्च भरतात, हॉटेलंही लवकर भरतात. आरक्षण आधीच करा. तिहारात सापडलात तर रस्त्यावरच्या कुत्र्यांच्याही गळ्यात झेंडूच्या माळा दिसतील, आणि भाऊबीज जशी आपल्याकडे तशी तिथेही. जून ते सप्टेंबर पाऊस धो धो कोसळतो, रस्त्यांवर दरडी येतात. त्या महिन्यांत ही यात्रा टाळलेलीच बरी.

एका जादा रात्रीने खर्च थोडा वाढेल. तो काठमांडूच्या खरेदीतून कमी करा. शाली आणि माळा आपल्या शहरातही मिळतात. आयोजकाला आजच फोन करा, परतीच्या वाटेवर पोखऱ्यात दोन रात्री मिळतील का आणि किती पैसे वाढतील ते विचारा. आगाऊ रक्कम भरली की बदल करणं अवघड जातं, म्हणून हे बोलणं पैसे देण्याआधीच उरका.