वीस मिनिटांचा बागुलबुवा

दहावीचा निकाल लागून अकरावीच्या प्रवेशांची धांदल सुरू झाली की आपल्याकडे एखादा शिक्षणचिंतक हमखास जागा होतो. यंदाही झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हरित सेना, स्काऊट-गाईड, राष्ट्रीय सेवा योजना, विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ ही सगळी थेरं बंद करा. कारणे चार. अभ्यासाचा वेळ जातो. गाव झाडणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. सक्तीची सेवा ही सेवाच नव्हे. आणि सारे काही फोटोसाठी व प्रमाणपत्रासाठी चालते. म्हणून मुलांना ‘स्पर्धेच्या युगासाठी’ मोकळे सोडा. मोकळे सोडा म्हणजे क्लासला पाठवा, हे त्याने लिहिलेले नाही. वाचणाऱ्याला ते कळतेच.

आधी वेळेचे पाहू, कारण या मंडळींचा सगळा डोलारा त्या एका खांबावर उभा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला किती तास काम करायचे असते? १२०. दोन वर्षांचे मिळून २४०. शिवाय सात दिवसांचे एक विशेष श्रमसंस्कार शिबिर, तेही बहुधा सुट्टीत. आता १२० तासांना ३६५ दिवसांनी भागा. दिवसाला वीस मिनिटेही भरत नाहीत. या वीस मिनिटांनी महाराष्ट्रातल्या मुलांचे भवितव्य बुडते आहे! उरलेल्या तेवीस तास चाळीस मिनिटांत काय चालते, याकडे मात्र आमच्या चिंतकाचे लक्ष गेलेले नाही.

ते आपण पाहू. अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतलेला मुलगा कॉलेजात किती दिवस जातो? प्रवेश एका कॉलेजात, शिकणे क्लासमध्ये आणि हजेरी कागदावर, असा ‘इंटिग्रेटेड’ नावाचा देखणा कारभार इतका फोफावला, की २०१८ मध्ये राज्य सरकारला अकरावी-बारावी विज्ञानासाठी बायोमेट्रिक हजेरीचा फतवा काढावा लागला. म्हणजे दोन वर्षांचे अख्खे कनिष्ठ महाविद्यालय हवेत विरले, त्याबद्दल या गृहस्थाने एक ओळ लिहिली नाही. पण दत्तक गावात चार पोरांनी शनिवारी शोषखड्डा खणला, की लगेच त्याला विद्यार्थ्यांच्या वेळेचा कळवळा. क्लासला जाण्यायेण्यात घालवलेला वेळ? तो मेहनतीत धरायचा. रविवारची सराव परीक्षा आणि सोमवारी तिचीच चिरफाड? ती गुंतवणूक. रात्री अंथरुणात मोबाइलवर अंगठा झिजवणे? ते ‘रिलॅक्स होणे’. आणि वनराई बंधाऱ्यासाठी वाळूची पोती भरणे? तो अपव्यय!

शिक्षकांच्या वेळेचेही त्याला भारी दुःख. मंडळे चालवण्यात म्हणे शिकवायचे राहून जाते. अहो, शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामे शिक्षकाला कायद्यानेच लावता येतात. प्रत्यक्षात त्यावर किती याद्या आणि किती ऑनलाइन माहित्या चढतात, हे कोणत्याही शिक्षकखोलीत पाच मिनिटे बसले तर कळेल. तो ढीग दिसत नाही आणि हरित सेनेचा आठवड्यातला एक तास डोळ्यांत खुपतो, याला नजरेचा दोष म्हणून सोडून देता येत नाही.

हे दुखणे जुनेच आहे. मागे असाच वाद ‘खरी कमाई’वरून झाला होता. स्काऊट-गाईडची मुले शाळेच्या पटांगणात भेळ, कोकम सरबत, वडापाव विकतात, हिशेब ठेवतात आणि नफा निधीत जमा करतात. तेव्हा एकाने आरोळी ठोकली की मुलांना धंद्याला लावता आहात. पुढे तोच मनुष्य शाळेत ‘उद्योजकता विकास’ हा विषय आणा म्हणून भाषणे देऊ लागला. कांदा स्वतः चिरावा लागला नाही की भेळेचीही उद्योजकता होते. त्याआधी भांडण हस्तलिखितांचे. हाताने लिहून काढण्यात मुलांचा वेळ जातो, छापून घ्या. छापू लागल्यावर खर्च होतो, बंद करा. आता तीच मंडळी सभांतून सुस्कारे सोडतात की मुले चार ओळी धड लिहीत नाहीत.

उरलेले आक्षेप लवकर उरकतात. सक्तीची सेवा? सेवा योजनेत नाव घालणे ऐच्छिक असते. आणि गणित सक्तीचे आहे म्हणून ते गणित नव्हे, असे अजून कोणी म्हटलेले नाही. फोटो आणि प्रमाणपत्रे? खरे आहे. एक रोप, अकरा हात आणि पुढे बॅनर, हा प्रकार मीही पाहिला आहे. तो बॅनर काढून टाकावा; त्यासाठी रोप उपटायचे कारण नाही.

‘झाडायला माणसे असतात’ हे मात्र जरा थांबून ऐकण्यासारखे आहे. असतात, पण कोणत्या वस्तीतली? या प्रश्नाचे उत्तर आमच्या चिंतकाला ठाऊक आहे, म्हणूनच तो ते लिहीत नाही. एखादी शाळा ठरावीक मुलांच्याच हाती खराटा देत असेल तर तिच्यावर गुन्हा दाखल व्हावा. पण सरपंचाच्या, डॉक्टरच्या आणि मजुराच्या मुलाने एकाच रांगेत खराटा धरला, तर त्यात नेमके कोणाचे काय बिघडते? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि अंगमेहनतीची कामेही एकत्र करत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. त्या मुलांचा वेळ वाया गेला, असे म्हणायला आमच्या चिंतकाने एकदा साताऱ्याला जावे. ऐकणारे पुष्कळ भेटतील.

मग मंडळे हवीत ती कशासाठी? चारित्र्यसंवर्धन, राष्ट्रउभारणी वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. १९६९ साली सेवा योजना सुरू झाली तेव्हा ते भाषणांतून पुरेसे वापरून झाले. माझा मुद्दा लहान आहे. सोळा वर्षांच्या मुलावर घरी, वर्गात आणि क्लासमध्ये फक्त स्वतःच्या गुणांची जबाबदारी असते. दुसऱ्या कोणाचे काही त्याच्यावर अवलंबून नसते. गटप्रमुख झाल्यावर प्रथमच वीस जणांचे जेवण त्याच्या यादीवर ठरते, आणि मीठ विसरले तर वीस जण त्याला विचारतात. वर्गणीचा हिशेब जुळला नाही तर सर्वांसमोर उत्तर द्यावे लागते. हे शिकवणारी सराव परीक्षा अजून कोणत्या क्लासने काढलेली नाही.

तेव्हा वेळापत्रकात एक तास ठेवा, काम मुलांना ठरवू द्या, वही त्यांच्याकडे असू द्या आणि बॅनर छापणाऱ्याला सुट्टी द्या. एवढे करूनही ज्या पालकांना वीस मिनिटे जड वाटतील, त्यांनी आपल्या पाल्याचे नाव खुशाल काढून घ्यावे. मात्र बारावीनंतर परदेशी अर्जाला जोडायचे म्हणून सेवेच्या प्रमाणपत्रासाठी कार्यक्रम अधिकाऱ्याच्या दारात उभे राहू नये.