दम्याच्या पेशींचे दार

ॲम्लोडिपिनची गोळी आता घरोघरी ओळखीची झाली आहे. रक्तदाबाची ही गोळी ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ या गटातली. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरण्याची वाट ती अडवते, स्नायू सैल पडतात आणि दाब उतरतो. दम्यातही श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. तेव्हा हीच औषधे दम्यालाही लागू पडतील, अशी आशा १९८०च्या दशकात अनेकांना होती. निफेडिपिन, व्हेरापामिल देऊन पाहिली गेली. व्यायामाने उठणारी धाप थोडी कमी झाली, पण नेहमीच्या उपचारात जागा मिळावी एवढा गुण काही आला नाही. याचे एक कारण असे, की दमा हा नुसता स्नायूंचा आजार नव्हे. प्रतिकारशक्तीच्या पेशींचाही त्यात मोठा वाटा असतो, आणि त्या पेशींमध्ये कॅल्शियम निराळ्याच दाराने शिरते.

पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त असते. मधल्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना आयन चॅनेल म्हणतात. ती एरवी मिटलेली असतात. क्षणभर उघडली, की कॅल्शियम आत धावते आणि पेशी कामाला लागते. श्वासनलिकेच्या अस्तरातली मास्ट पेशी हे याचे ठळक उदाहरण. गादीतल्या धुळीतल्या किड्यांचे कण किंवा परागकण तिच्यावरच्या आयजीई प्रतिपिंडांना चिकटले, की प्रथम तिच्या आतल्या साठ्यातले कॅल्शियम रिकामे होते. साठा रिकामा झाल्याची वर्दी ‘स्टिम’ नावाचे प्रथिन बाहेरच्या आवरणापर्यंत पोहोचवते आणि तिथले ‘ओराय’ नावाचे दार उघडते. काही मिनिटांतच हिस्टामिनच्या पुड्या फुटतात, छातीत घरघर सुरू होते.

हा सूक्ष्म प्रवाह मास्ट पेशीतच १९९२ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे मोजला गेला. अशी मोजणी ज्या तंत्राने शक्य झाली, त्यासाठी एर्विन नेहेर आणि बर्ट साकमन यांना आदल्याच वर्षी नोबेल मिळाले होते. प्रत्यक्ष दार सापडायला मात्र २००६ साल उजाडले. ग्रीक पुराणात स्वर्गाच्या दाराची राखण करणाऱ्या देवतांवरून त्याला ‘ओराय’ नाव पडले. शास्त्रज्ञांना अशी हौस असते.

ते सापडले कसे, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एका कुटुंबातल्या दोन मुलांना जन्मतःच प्रतिकारशक्ती नव्हती, साध्या संसर्गाशीही त्यांचे शरीर झुंजू शकत नव्हते. त्यांच्या टी-पेशींत कॅल्शियम शिरतच नव्हते, कारण ओरायच्या जनुकात एकच अक्षर बदलले होते. ज्या दारातून दम्याचा त्रास सुरू होतो, त्याच दारातून संसर्गाशी लढण्याचा हुकूमही जातो. म्हणून ‘दार बंद करणारी गोळी काढा’ हे म्हणायला सोपे, करायला अवघड. सायक्लोस्पोरिन हे औषध याच वाटेवरचा पुढचा टप्पा अडवते. तीव्र दम्यात ते वापरून पाहिले गेले, पण मूत्रपिंडांवरचा परिणाम आणि संसर्गाची भीती यांमुळे सरसकट देता आले नाही.

पोटॅशियमच्या दारांचाही विचार झाला. कॅल्शियम आत येत राहिले, की पेशीच्या आत धनभार वाढतो आणि पुढची आवक मंदावते. पोटॅशियम बाहेर सोडून पेशी तो तोल सांभाळते. ते दार अडवणारे सेनिकापॉक हे औषध मुळात सिकलसेलसाठी तयार झाले होते. विदर्भातल्या वाचकांना हा आजार सांगायला नको. तिथे रक्तातले हिमोग्लोबिन वाढले, पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत. दम्यातही चाचण्या झाल्या, औषध दुकानात काही आले नाही. पुढे अशी औषधे येतीलही. ती गोळीऐवजी थेट फुप्फुसात फवारण्याजोगी असावीत, म्हणजे बाकीच्या शरीराची प्रतिकारशक्ती शाबूत राहील.

या सगळ्यातून आजच्या रुग्णाने घ्यावे असे काही आहे. सालब्युटामॉलचा पंप ओढला, की पाच-दहा मिनिटांत मोकळे वाटते, कारण तो स्नायू सैल करतो. अस्तराची सूज मात्र तशीच राहते. टी-पेशींत शिरलेले कॅल्शियम तिथली जनुके जागी करते, त्यांच्यापासून निघणारी रसायने इओसिनोफिल पेशींना बोलावतात, आणि सूज दिवसेंदिवस धुमसत राहते. ही साखळी दाबते ते स्टिरॉइडचे इन्हेलर. म्हणूनच ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून प्रौढांना आणि किशोरांना केवळ सालब्युटामॉलवर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. आराम देणारा पंप खिशात असतो आणि स्टिरॉइडचा पंप बरे वाटताच बंद होतो. पंपाची सवय लागते, स्टिरॉइडने हाडे जातात, मुलीला पंप दिला तर लग्न कसे जमेल, या शंका दवाखान्यात रोज ऐकू येतात. इन्हेलरमधला स्टिरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि दमा अंगावर काढल्यावर घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांचा मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपटीच्या मापात. भीती घालायचीच तर त्या गोळ्यांची घालावी.

बुडेसोनाइडचे इन्हेलर राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीतले औषध तालुक्याच्या रुग्णालयातल्या औषधखिडकीवरही वर्षभर मिळायला हवे. सोबत स्पेसर हवा, आणि पंप कसा ओढायचा, नंतर चूळ का भरायची, हे दाखवायला पाच मिनिटे देणारे कोणीतरी हवे. दर भेटीला रुग्णाकडून पंप ओढून घेतला, तर निम्मे औषध कुठे वाया जाते तेही लगेच दिसते.