पिकअप उंच करायच्या आधी काट्यावर न्या

पाऊस तोंडावर आला आहे. व्ही-क्रॉस, हायलक्स, फोर-बाय-फोर कॅम्पर बाळगणाऱ्यांची गॅरेजपुढची गर्दी याच दिवसांत वाढते. पहिली सर कोसळायच्या आत गाडी तयार हवी असते, आणि तयार म्हणजे उंच, असं बहुतेकांनी धरून ठेवलेलं असतं. कुणी दोन इंच, कुणी तीन, कुणी चार. म्हणून हे कळकळीचं सांगणं आजच: सस्पेन्शनसाठी कुणालाही एक रुपया आगाऊ देण्याआधी आपली पिकअप वजनकाट्यावर न्या. पुढच्या एक्सेलचं वजन वेगळं, मागच्याचं वेगळं, असे दोन आकडे हातात येईपर्यंत स्प्रिंग निवडू नका, पाटे निवडू नका, शॉकअपही निवडू नका.

स्प्रिंगचं काम एकच, ठरावीक वजन ठरावीक उंचीवर तोलून धरायचं. वजन माहीत नसताना घेतलेली स्प्रिंग एक तर बसते, नाही तर गाडीला उडवते. कारखान्याने बसवलेल्या स्प्रिंगा त्या गाडीच्या मूळ वजनासाठी असतात. त्यानंतर आपण पुढे पोलादी बंपर आणि विंच लावतो, दोन्ही मिळून 80-100 किलो सहज होतात. हौद्यावर झाकण येतं, त्यावर तंबू येतो, आत पाण्याचे कॅन येतात आणि 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो. हे सगळं थोडं थोडं करून चढत जातं, त्यामुळे मालकाला त्याचा अंदाज राहत नाही. मग गाडी पुढून किंवा मागून बसलेली दिसते आणि तो गॅरेजवाल्याला सांगतो, "जरा उचलून दे." इथूनच चुकायला सुरुवात होते, कारण दुकानदारही किती वजन आहे हे न विचारता किती इंच हवेत एवढंच विचारतो.

काट्यावर जायचं कसं, तेही नीट सांगतो. मार्केट यार्डात, साखर कारखान्यांजवळ, महामार्गावर काटे आहेत आणि पावतीचा खर्च सस्पेन्शनच्या किमतीपुढे काहीच नाही. पण रिकामी गाडी नेऊन उपयोग नाही. मुक्कामी सहलीला निघता तशी ती भरा: डिझेलची टाकी पूर्ण, पाणी, तंबू, हत्यारांची पेटी, जादा चाक आणि बसणारी माणसंसुद्धा. आधी सगळी गाडी काट्यावर घ्या. मग फक्त पुढची चाकं फलाटावर राहतील अशी उभी करा, मग फक्त मागची. गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक सोडलेले, आणि फलाट बाहेरच्या जमिनीच्या पातळीत. तो वर किंवा खाली असेल तर दोन्ही आकडे फसवे येतील, दुसरा काटा शोधा. काटेवाल्याला एकाच आकड्याची सवय असते, तो कुरकुरेल. त्याला दोन मिनिटं समजावून सांगा, पण तिन्ही पावत्या घेऊनच निघा.

आता आरसीवरचं कमाल वजन आणि पावतीवरचं एकूण वजन शेजारी ठेवून पाहा. पावतीवरचा आकडा मोठा असेल तर तुम्हाला नव्या स्प्रिंगांची गरज नाही, सामान उतरवण्याची आहे. जाड पाटे घातले म्हणून गाडीची कायदेशीर क्षमता एका किलोनेही वाढत नाही. ऑस्ट्रेलियात प्रमाणपत्रासह क्षमता वाढवून घेण्याची अधिकृत सोय आहे, आणि बाजारातला बराचसा माल तिथूनच येतो, म्हणून तिथल्या जाहिराती वाचून इथेही तसंच होतं असा समज पसरला आहे. इथे आरसीवरचा आकडा तोच राहतो, आणि ब्रेक, एक्सेल, बेअरिंग, चासी हेही सगळे जुनेच राहतात.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती स्वस्तातल्या दोन उपायांची. पहिला, पुढे शॉकअपच्या डोक्यावर चकती बसवणं. व्ही-क्रॉस आणि हायलक्सला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. स्प्रिंग आणि शॉकअप खालच्या आर्मवर आतल्या बाजूला बसतात, चाक मात्र त्याच आर्मच्या टोकाला असतं. त्यामुळे वर एक इंचाची चकती घातली की चाकापाशी जवळजवळ दोन इंच उंची मिळते. ग्राहक खूश होतो. पण चाक खड्ड्यात पूर्ण लटकतं तेव्हा आर्म कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली जातो. बॉल जॉइंट टोकाला ओढला जातो, ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट नको तेवढा वाकतो, त्याचं रबरी बूट फाटतं, ग्रीस बाहेर आणि चिखल आत. वर चकती नसली तरी स्वतंत्र सस्पेन्शनच्या पिकअपला साधारण दोन इंचांच्या पुढे हीच दुखणी सुरू होतात. तीन-चार इंचांचं आश्वासन देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: शाफ्टचा कोन पूर्ववत ठेवण्यासाठी डिफरेन्शियल खाली घेणार आहेस का? उत्तर "त्याची गरज नाही" असं आलं तर तिथून निघा.

दुसरा उपाय मागचा. एक्सेल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून हौदा उचलायचा. चढावर जोर लावला की एक्सेल स्वतःभोवती पिळायला बघतो, आणि ठोकळ्यामुळे त्या पिळाचा हात लांब होतो. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, गाडी थडथडते, आणि पाट्यांमधून जाणारा मधला बोल्ट एके दिवशी तुटतो. ओल्या चढणीवर तो तुटला तर एक्सेल जागचा सरकतो.

पाटे वाढवणं हा आपल्याकडचा जुना रिवाज, मालवाहू गाड्यांतून आलेला. रोज भरलेली धावणाऱ्या गाडीला त्यात थोडा तरी अर्थ आहे. आठवड्यातले सहा दिवस एकटा माणूस रिकामी चालवतो त्या पिकअपला अजिबात नाही. कडक पाट्यांवर रिकामा हौदा उडतो, मागची चाकं रस्त्यावरून सुटतात, आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबला तर मागचा भाग आडवा येतो. सह्याद्रीतल्या दगडी चाकोरीत तोटा वेगळाच आहे. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला दगड अशा जागी पाटे नरमाईने वाकून चाक जमिनीला टेकवतात, तेव्हा गाडी पुढे सरकते. कडक पाट्यांवर एक चाक हवेत राहतं आणि साधं डिफरेन्शियल सगळी गती त्याच लटकत्या चाकाला देत बसतं. कोकणातल्या जांभ्याच्या लाल चिखलात किंवा देशावरच्या काळ्या चिकण मातीत रुतलेल्या कितीतरी गाड्या कमी उंचीमुळे रुतलेल्या नसतात, त्यांची चाकं जमिनीवर टेकत नसतात.

हवेच्या फुग्यांविषयीही सावध करतो. मागच्या एक्सेलवर फुगे बसवून हवा भरली की बसलेला हौदा सरळ होतो आणि भार कमी झाल्यासारखा वाटतो. भार तेवढाच असतो. फरक एवढाच, की पाटे तो भार चासीवर दोन टोकांना वाटून देतात आणि फुगा तो मधल्या एकाच जागी ढकलतो. त्यातच मागे, एक्सेलच्याही पलीकडे जड सामान असेल आणि गाडी वेगाने खड्ड्यात आदळली, तर गुडघ्यावर ऊस मोडावा तशी चासी कॅबिनच्या मागे वाकते. ऑस्ट्रेलियातल्या लांब कच्च्या रस्त्यांवर डबल कॅब पिकअपच्या चासी अशाच वाकलेल्या आहेत. आपल्या लडाख आणि स्पितीच्या वाटा त्याहून सोप्या नाहीत.

उंची बदलली की स्टिअरिंगही बदलतं. पुढची चाकं ज्या कलाने उभी असतात तो कल कमी होतो, मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला कंटाळतं आणि महामार्गावर गाडी भरकटते. अलाइनमेंट करून घ्याच, आणि कल मूळ मापात येत नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतील, तो खर्च आधीच धरा. हेडलाइटही खाली घ्या, समोरून दुचाकीवर येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि खड्डा त्याला दिसत नाही. पण यात सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो मागचा ब्रेक. काही पिकअपना मागच्या एक्सेलजवळ एक झडप असते, तिची काडी एक्सेलला जोडलेली असते. हौदा खाली बसला म्हणजे माल आहे असं समजून ती मागच्या चाकांना जास्त ब्रेक देते, हौदा वर असला म्हणजे गाडी रिकामी आहे असं समजून कमी देते. गाडी मागून दोन इंच उचलली आणि काडी तशीच ठेवली, तर भरलेल्या गाडीलाही ती रिकामीच समजते. आंबेनळी उतरताना त्याचा अर्थ काय होतो, हे घाटात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. गाडीखाली वाका, ती काडी आहे का पाहा, आणि असेल तर तिची जागा जुळवून घ्या. ब्रेकचे रबरी पाइपही चाक पूर्ण लटकवून तपासा, ते ताणले जाता कामा नयेत.

शॉकअपबद्दल थोडक्यात: तो वजन पेलत नाही, स्प्रिंगची उसळी आवरतो. स्प्रिंग ठरली की तिच्या जोडीचाच शॉकअप घ्या. लांब खडबडीत रस्त्यावर आतलं तेल तापून फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो, म्हणून महागड्या शॉकअपमध्ये तेल जास्त आणि नायट्रोजनचा दाब असतो. सुटीच्या दिवशी घाटमाथ्यावर जाऊन येणाऱ्याला बाहेर वेगळ्या टाक्या असलेल्या शॉकअपची गरज नाही, दुकानदार काहीही म्हणो.

माल उत्तम असूनही तो बसवताना वाया जातो. लिफ्टवर गाडी टांगलेली, चाकं लोंबकळत आहेत, आणि मेकॅनिक आर्मचे बोल्ट पूर्ण ताकदीने आवळतो आहे, हे दृश्य मी अनेक गॅरेजांत पाहिलं आहे. त्या बोल्टभोवती रबरी बुश असतो. लटकत्या स्थितीत आवळला की तो त्याच कोनात पकडला जातो, आणि गाडी खाली ठेवताच रबर पिळवटतं. काही महिन्यांत बुशच्या कडेला बारीक चिरा पडतात, नंतर आवाज सुरू होतो, आणि दोष मालाला दिला जातो. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीन वेळा दाबून बसू द्यायची, आणि मगच टॉर्क रेंचने आवळायचे. मागचे यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत, पाट्यांबरोबर नवे घ्या. 500 किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या. हे काम चालू असताना तिथे उभे राहा.

कायद्याकडेही डोळेझाक करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी तपासायला येतो तेव्हा पुढची चकती आणि मागचा ठोकळा लपत नाहीत.

गॅरेजवाल्या मित्रांना विनंती: ग्राहक गाडी घेऊन आला की आधी पावती मागा. नसेल तर त्याला परत पाठवा, तो पावती घेऊन नक्की येईल. बिलावर स्प्रिंग किती कायमच्या भारासाठी आहे ते लिहा. ऑफ-रोड गटांच्या आयोजकांनीही या पावसाळ्यात सुरुवातीच्या ठिकाणी ठोकळे, फुगे आणि ब्रेकचे पाइप पाहूनच गाड्या पुढे सोडाव्यात. एखादा रागावेल, रागावू द्या.

आणि ज्यांनी गाडी आधीच उंच करून घेतली आहे, त्यांनी पुढच्या सहलीची वाट पाहू नये. येत्या सुटीच्या दिवशी गाडी सपाट जागी उभी करा, बॅटरी घेऊन खाली वाका. ड्राइव्ह शाफ्टच्या बुटाला चीर आहे का, कडेला ग्रीस उडालंय का, पाट्यांचे यू-बोल्ट जागचे हललेत का, बुश फाटलेत का, ब्रेकचा पाइप कुठे घासतोय का, हे पाहा. यातलं एक जरी दिसलं तरी घाट उतरू नका, घरच्या माणसांना घेऊन तर मुळीच नाही. ठोकळे आणि चकत्या काढून मूळ भाग परत बसवायला फारसा वेळ लागत नाही. मग गाडी भरा आणि काट्यावर न्या.